अडकलेली पुंगळी

"माळ्यावर काय आहे?" मी विचारलं.

"गवत हाय. चढा की वर. पर जपून, बांबू कुजक्यात." भागोजी लांबोर दारातल्या दगडावर उकिडवा बसून म्हणाला. त्याच्या आवाजात ना भीती होती ना राग. मला त्याचाच जास्त राग आला.

माझा वनरक्षक रवळू नाईक माळ्यावर चढला, गवत उलथंपालथं करून शिंकत खाली आला. डोक्यावर कोळ्याची जाळी, हात रिकामे. आम्ही चूल पाहिली, भाताची कणगी पाहिली, अंथरुणं झटकली, देवाचा पाट हलवला. देवाला हात लावताना रवळूनं आधी कानाला हात लावला. बंदूक कुठंच नव्हती.

मी तेव्हा चंदगडकडच्या डोंगरात वनक्षेत्रपाल होतो. नोकरीचं चौथं वर्ष, अंगात जोर आणि डोक्यात कायदा. सोलापूरकडच्या उघड्या माळावरून आलेला माणूस मी. या जंगलानं मला पहिल्याच पावसाळ्यात वेड लावलं होतं, आणि त्यातल्या जनावरावर कुणी हात टाकला की मला तो माझ्या घरातला दरोडा वाटायचा. खबर पक्की होती. भागोजीकडे विनापरवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यानं तिचा बार एका गव्यावर टाकलाय, आणि गवा मेलेला नाही. छर्रे अंगात घेऊन तो वस्तीच्याच आसपास फिरतोय. जखमी गव्याइतकं वाईट जनावर या रानात दुसरं नाही. वाघ वाट सोडतो. दुखावलेला गवा वाटेवर उभा राहतो. म्हणून मी खात्याची तीनशेपंधराची रायफल बरोबर घेतली होती.

"कुणी सांगितलं सायेब तुमास्नी?" भागोजीनं विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"बरं." तो उठला, धोतर झटकलं. "चा टाकू?"

वस्ती म्हणजे धनगरांची सात-आठ घरं. कुडाच्या, शेणानं लिंपलेल्या भिंती, वर गवती छप्पर. भागोजीच्या अंगणालाच लागून त्याच्या चुलतभावाचं घर होतं. भाऊ गोव्यात कामाला; घरात त्याची बायको सरूबाई आणि दोन पोरी. दोन्ही घरांत वर्षभर बोलणं नव्हतं. एकदा भागोजीच्या बाराचा एक छर्रा सरूबाईच्या रेडकाच्या पायात घुसला होता, तेव्हापासून. आज तिच्या दाराला कडी होती. ती गवत कापायला गेलीय, असं शेजारणीनं सांगितलं.

चहा काही झाला नाही. खालच्या अंगानं एका बाईची किंकाळी आली, आणि पाठोपाठ एक आवाज आला, जो मला आजही शब्दांत सांगता येत नाही. फुरफुरणं म्हणावं तर फार मोठं, डरकाळी म्हणावं तर फार खोल.

"गवा!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळी वस्ती उताराला पळाली.

भाताच्या खाचरांच्या कडेनं आमच्याच खात्यानं एक चर खणला होता, जनावरं पिकात येऊ नयेत म्हणून. पुरुषभर खोल, वर रुंद आणि तळाशी निमुळता. त्या चराच्या काठावर गवा उभा होता. काळाकभिन्न, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, आणि उजव्या खांद्यावर तळहाताएवढी जखम, माश्यांनी भरलेली. गवताचा भारा बाजूला विस्कटून पडला होता. चराच्या आतून बाईचा आवाज येत होता.

"सरू पडली! सरूला उडवलं त्यानं!"

उडवलं होतं खरं, पण ती नेमकी चरात पडली होती आणि तेवढ्यानंच वाचली होती. तळाशी ती अंग चोरून पडली होती. एक पाय भलत्याच कोनात वळलेला. गव्याची शिंगं तिच्यापर्यंत पोचत नव्हती. पण तो गुडघे टेकून काठ शिंगांनी उकरत होता. जांभ्याची भुसभुशीत माती ढेकळाढेकळांनी तिच्या अंगावर कोसळत होती. काठ खचला की तो आत जाणार होता. मग शिंगं पोचतील की न पोचतील हा प्रश्नच उरणार नव्हता. त्याचं नुसतं वजन पुरे होतं.

लोकांनी डबे बडवले, दगड मारले, गवताच्या पेंढ्या पेटवून फेकल्या. जनावर हलेना. माणसाचा जीव वाचवायचा असेल तर कायदाही गोळी घालू देतो. मी बांधाला रायफल टेकवली, खांद्याच्या मागे नेम धरला आणि चाप ओढला.

गवा नेमका त्याच क्षणी मान खाली घालून पुढं सरकला. गोळी पाठीच्या उंचवट्यात, नुसत्या मांसात घुसली. त्यानं एक हिसका दिला, गर्रकन एक फेरी मारली आणि पुन्हा चराच्या काठाशी येऊन उभा राहिला. त्याच्या दृष्टीनं त्याला दुखावणारं माणूस त्या चरातच होतं.

मी बोल्ट मागे ओढला. तो आला, पण मोकळाच. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी बाहेर पडायला हवी होती. ती पडली नाही. मी दुसरं काडतूस पुढं ढकललं. अर्ध्यावर अडलं. जोर लावला, तरी अडलं. ते काढून नळीच्या मागच्या तोंडात पाहिलं. पुंगळी आत तशीच घट्ट बसली होती. बोल्टच्या ज्या आकड्यानं ती ओढून काढायची, त्यानं तिची कडच फाडून टाकली होती. ओढायला आता काही उरलंच नव्हतं. खात्याची काडतुसं जुनी, दोन-तीन पावसाळे ओलीत पडलेली. पितळेवर हिरवा थर धरलेला मी सकाळीच पाहिला होता.

"साहेब, मारा की!" रवळू ओरडला.

"अडकलीय!"

"काय अडकलीय?"

"पुंगळी! नळी साफ करायचा गज कुठाय?"

"जीपमधी."

जीप डोंगराखाली होती. उतरून चढून यायला अर्धा दिवस. मी खिशातला चाकू काढून त्याचं टोक पुंगळीच्या कडेला घातलं आणि उचकटायला लागलो. टोक मोडलं. पुंगळी ढिम्म. ती मागून निघणार नव्हती. नळीच्या पुढच्या तोंडातून काहीतरी आत घालून ठोकूनच काढायला हवी होती.

"काठी द्या! सरळ, बारीक!"

कुणीतरी कारवीची काठी मोडून दिली. मी आधी मॅगझिन काढून रवळूच्या हातात दिलं, बोल्टही काढला, मग रायफल मांडीवर उलटी धरून काठी आत सारली. पुंगळीला टेकली. वरून दगडानं मारलं तशी काठी वाकली आणि चिरली. जरा आणखी मारलं असतं तर आतच मोडून बसली असती, मग नळी कायमची बंद. मी ती हळूच फिरवत बाहेर काढली.

"छत्री? सायकलची तार? काही लोखंडाचं?"

"छत्रीची दांडी लाकडाची हाय," एक म्हातारा म्हणाला. "तार लई बारीक."

चरातून सरूबाईचा आवाज आला. आता ती किंचाळत नव्हती. "माज्या पोरींना हिकडं येऊ देऊ नगा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग मातीचा मोठा लोंढा घसरला आणि आवाज दबला.

"वैनी!" कुणीतरी हाक मारली.

मातीखालून खोकला ऐकू आला. जिवंत होती.

मी मान वर केली तर समोरून भागोजी धावत येत होता. तो कधी गेला ते मला कळलंच नव्हतं. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेले, आणि हातात एक लोखंडी गज. करंगळीपेक्षा बारीक, हातभराहून बराच लांब, एका टोकाला बसकी घुंडी. त्याला कुडाच्या लिंपणाची माती चिकटलेली होती.

त्यानं तो माझ्यापुढं धरला. "ह्यो चालतोय का बघा."

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे ठासायचा गज दुसऱ्या कशाला लागत नाही. तो ज्याच्या घरात, त्याच्या घरात बंदूक. हे मला कळत होतं, त्याला कळत होतं आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या रवळूलाही कळत होतं.

"घुंडीकडनं जाणार नाही," मी म्हणालो. "उलटा दे."

भागोजी माझ्यासमोर मातीत बसला. रायफल त्यानं दोन गुडघ्यांत धरली, दोन्ही हातांनी आवळली. मी गज नळीत सोडला. नळीच्या कडांना घासत, मध्ये जरा अडत, तो खाली गेला आणि पुंगळीच्या आत जाऊन तिच्या तळाला टेकला.

"घट्ट धर."

"धरलीया. हाणा तुमी."

मी दगड उचलला आणि घुंडीवर मारला. काही नाही. पुन्हा मारला. गजातून सणक थेट माझ्या खांद्यापर्यंत आली. भागोजीच्या हातांच्या शिरा टरारल्या होत्या. तो माझ्याकडं पाहत नव्हता, चराकडं पाहत होता.

"सायेब, काठ चालला."

"दिसतंय मला. हलू नकोस."

"हलत न्हाय. सगळ्या जोरानं हाणा. मोडला गज तर मोडू दे."

मी दोन्ही हातांनी दगड डोक्यावर नेला आणि आणला खाली. आतून बारीकसा कट्ट आवाज झाला. गज बोटभर आत सरकला, आणि पुंगळी नळीच्या मागून निसटून भागोजीच्या मांडीवर पडली. चेपलेली, कडेला फाटलेली, हिरवी पडलेली.

मी गज उपसून फेकला. सदऱ्याचं टोक बोटानं आत घालून पुंगळीचं घर पुसलं, काडतुसांतलं त्यातल्या त्यात स्वच्छ एक निवडून तेही पुसलं. बोल्ट चढवला. काडतूस सरळ आत बसलं. इतक्या गुळगुळीतपणे की मला रडू फुटेल असं वाटलं.

पण मारायचं कसं? गवा आता चराच्या अगदी काठावर होता, पुढचे दोन्ही पाय ढासळलेल्या मातीत. तिथं गोळी घातली तर तो आतच कोसळणार, सरूबाईवर.

"तो तिथून फिरायला हवा," मी म्हणालो. "इकडे, वरच्या अंगाला. तोवर मी मारू शकत नाही."

कुणी काही म्हणायच्या आत भागोजीनं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि खाचरात उडी मारली. तो पळाला नाही. भाताच्या कापलेल्या बुडख्यांवरून चालत, घोंगडं डोक्यावर फिरवत थेट गव्यासमोर गेला.

"ए! हिकडं बघ!" तो ओरडला. "तिच्यामागं काय लागलायस? तिनं काय केलंय तुजं? बार म्या टाकलाय! ये, हिकडं ये!"

त्या जनावराला शब्द काय कळणार. घोंगडं दिसलं असेल, वास आला असेल. पण त्यानं मान वर उचलली, चराकडं पाठ फिरवली आणि भागोजीकडं तोंड केलं. क्षणभर दोघं समोरासमोर उभे होते. मग गव्यानं डोकं खाली घातलं आणि निघाला. एवढं मोठं धूड, पायांचा आवाज असा की जणू जमीनच कुणी आतून बडवतंय.

मी बांध सोडून पुढं धावलो होतो, आडवा, बाजूनं मारता यावं म्हणून. गुडघा टेकला. मनात एकच होतं: आता काही अडलं तर हा माणूस गेला. खांद्यामागं, छातीच्या खालच्या भागात नेम धरला आणि श्वास रोखला.

बार झाला. गवा पुढच्या पायांवर कोसळला, तसाच घसरत गेला, आणि भागोजीच्या पायांपासून जेमतेम वावभर अंतरावर मान टाकून पडला. मी बोल्ट ओढला. पुंगळी टणकन उडून मातीत पडली. दुसरं काडतूस भरून मी जवळ गेलो, कानामागे आणखी एक गोळी घातली. जनावराचे हाल संपले.

भागोजी तिथंच उभा होता. घोंगडं हातात. तो गव्याच्या खांद्यावरच्या सडक्या जखमेकडं पाहत राहिला. मग खाली वाकून त्यानं तिच्यावरच्या माश्या हाकलल्या.

सरूबाईला बाहेर काढायला चार माणसं चरात उतरली. मांडीचं हाड मोडलं होतं, फासळ्या दुखावल्या होत्या, तोंडात माती. पण शुद्धीवर होती. दोन बांबूंना घोंगडी बांधून डोली करायला माणसं पळाली.

तेवढ्यात रवळूनं मला बाजूला घेतलं. गज त्याच्या हातात होता. त्यानं तो गवताला पुसून स्वच्छ केला होता.

"साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "पंचनाम्यात गज आपल्याच जीपमधला म्हणून लिहू. घरात बंदूक तर सापडली न्हाईच आपल्याला. कोण इचारतंय?"

सकाळी ज्या माणसाला बेड्या घालायच्या म्हणून मी हा डोंगर चढलो होतो, त्याच माणसानं माझ्या रायफलीला पुन्हा जीव दिला होता आणि तिच्याच भरवशावर स्वतःचा जीव पणाला लावला होता.

मला ठरवावं लागलं नाही. भागोजी घराकडून परत येत होता. या वेळी त्याच्या हातात बंदूक होती. लांब नळीची, दस्त्याला तारा गुंडाळलेली, अंगभर लिंपणाची माती. त्यानं ती माझ्या पायाशी आडवी ठेवली.

"कुडात होती. देवाच्या मागल्या अंगाला. लिंपून टाकली हुती." मग म्हणाला, "दारू शिल्लक असती तर तुमची वाट बगितली नसती. म्याच निस्तरलं असतं."

"गज दिलास तेवढं पुरे होतं, भागोजी," रवळू न राहवून म्हणाला. "ही कशाला आणलीस?"

"अर्धी दिऊन अर्धी ठिवायची व्हय?"

"गज आणताना काय विचार केलास?" मी विचारलं. मला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं.

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी पोरकट विचारलंय. "इचार करायला टाइम कुटं हुता, सायेब? ती वरडत हुती की."

डोली तयार झाली. चौघांनी खांदा द्यायचा होता. पुढच्या एका बाजूला भागोजी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या बाजूला मी गेलो. लोकांनी जरा आश्चर्यानं पाहिलं, पण कुणी अडवलं नाही. मागं दोन गडी, आणि त्यांच्यामागं रवळू, एका खांद्यावर खात्याची रायफल आणि दुसऱ्यावर ठासणीची बंदूक.

उतार निसरडा होता. प्रत्येक हिसक्याला सरूबाई दात आवळायची. बऱ्याच वेळानं, झाडी दाट झाली तशी, ती म्हणाली, "भावजी."

वर्षभरानं तिनं त्याला हाक मारली होती. भागोजीनं मान वळवली नाही. बांबू खांद्यावर होता.

"भावजी, सायबांना म्या सांगितलं. बंदुकीचं. डेपोवर जाऊन सांगितलं."

माझा खांदा एकदम अवघडला. खबर देणाऱ्याचं नाव मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. ही बाई आमच्या खात्याच्या लाकूड डेपोवर आली होती ती सकाळी भर उजेडात, डोक्यावर पदर घेऊन, कुणाची भीड न बाळगता. "माज्या पोरी त्या वाटनं शाळंला जात्यात," ती म्हणाली होती. "त्याची बंदूक काढून घ्या, न्हायतर कुणाचा तरी जीव जाईल." तो जीव तिचाच जायची वेळ आली होती.

"ठावं हाय," भागोजी म्हणाला.

"कधीपसनं?"

"सायेब दुसऱ्या कुणाच्या घरात शिरलं न्हाईत. थेट माज्याच दारात आलं. म्हंजे जवळच्या माणसानंच सांगितलं. आन आज तू पहाटंच गवताला गेलीस. तुजं गवत तर अजून घरात पडलंय."

पुढं ओढा लागला. भागोजीनं पाण्यात पाय घातला, तळ चाचपला, आणि मग तसाच पुढं बघत म्हणाला, "पाय हलवू नगंस, वैनी. हाड सरकंल."

आम्ही ओढा ओलांडला.

त्याच्यावर मी गुन्हा दाखल केला. बंदुकीचा आणि गव्याचाही. पंचनाम्यात गज कुठून आला तेही लिहिलं आणि कोर्टात उभा राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारण अर्धं सांगून अर्धं ठेवायची मला लाज वाटली असती. सरूबाई कुबड्या घेऊन साक्षीला आली होती. न्यायाधीशांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. शिक्षा झालीच, पण कमीत कमी झाली. भागोजी काही महिने कोल्हापूरला तुरुंगात होता.

तो सुटायच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो. मला वाटलं होतं त्याला न्यायला कुणी नसेल. पण तुरुंगाच्या भिंतीच्या सावलीत सरूबाई आधीच येऊन बसली होती. कुबड्या सुटल्या होत्या, पण एक पाय जरा आखूड झाला होता. मला पाहून ती उठली, पदर सारखा केला, पण नजर दरवाज्यावरच ठेवली.

भागोजी बाहेर आला. वाळला होता. आम्हा दोघांना पाहून थबकला.

"किती येळ लावलास!" सरूबाई त्याच्यावर खेकसली. "तुजी ती मेली म्हस माज्या हाताला येत न्हाई. इतकं दीस लाथा खाऊन धार काढलीया म्या. चल लवकर, एश्टी जाईल."

भागोजीनं मला हात जोडले आणि तो तिच्या मागून चालायला लागला. ती लंगडत पुढं होती, आणि तो तिला गाठायची घाई करत नव्हता.